सहा सेशन झाली, मुलगा म्हणतो "नुसता खेळलो". प्ले थेरपी चालू ठेवावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. मुलगा सहा वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी धाकटी बहीण झाली. तेव्हापासून शाळेत चावणं, ढकलणं सुरू झालं, आणि दोन वर्षांपूर्वी सुटलेली गादी ओली करायची सवय परत आली. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून केलं जाणारं समुपदेशन, सुचवली. दर शनिवारी एक अशी सहा सेशन झाली, एका वेळेचे बाराशे रुपये. "काय केलंस आज?" विचारलं की तो म्हणतो, "काही नाही, खेळलो." थेरपिस्ट आतलं काही सांगत नाहीत. घरी चिडचिड कमी व्हायची ती वाढलीच आहे. नवरा म्हणतो, खेळायला घरी काय खेळण्यांची कमी आहे? सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी दोन धपाट्यांत काम व्हायचं.

बंद करू नका. पण थेरपिस्टची वेळ घ्या आणि मुलाला न नेता, शक्यतो नवऱ्यासकट, तासभर भेटून या. सहा आठवडे झाले आणि आईवडिलांशी एकदाही नीट बोलणं झालं नाही, तुमच्या पत्रातलं मला खटकलं ते एवढंच. बाकी जे लिहिलंय, "नुसता खेळलो"सुद्धा, ते मी प्ले थेरपिस्ट म्हणून गेली अठरा वर्षं पुण्यात जवळजवळ प्रत्येक आईकडून ऐकते.

त्याआधी एक काम. गादीचं पाहा. सुटलेली सवय परत आली की आपण सगळे "मनाचं आहे" म्हणून मोकळे होतो. बऱ्याचदा असतंही. पण लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, क्वचित मधुमेह हीसुद्धा कारणं असतात. बालरोगतज्ज्ञांकडून लघवीची साधी तपासणी करून घ्या. मुलाला तहान खूप लागते आहे किंवा वजन उतरतंय असं वाटत असेल तर आजच. शाळा "लक्ष देत नाही" म्हणत असेल तर कानही तपासून घ्या. सर्दीने कान भरलेलं मूल "हट्टी" ठरलेलं मी पाहिलंय.

आता "नुसता खेळलो".

माझ्या खोलीत काय आहे ते सांगते. वाळूचा एक चौकोनी ट्रे, तळ निळा रंगवलेला, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसतं. तुळशीबागेतून आणलेली भातुकली: पोळपाट-लाटणं, शेगडी, कुकर, किसणी. डॉक्टरचा डबा, पोलिसांची गाडी, रिक्षा, लाल एसटी, ॲम्ब्युलन्स. वाघ, साप, गाय, एक मोडक्या पायाचा घोडा (तो मुद्दाम ठेवलाय, मुलं त्याच्याकडे हमखास वळतात). माणसांच्या बाहुल्या मिळायला सगळ्यात अवघड. बाजारातलं "कुटुंब" म्हणजे गोरे आईबाबा आणि दोन मुलं. आमच्याकडे घरात आजी असते, काका असतो. शेवटी एका बाहुलीला मी स्वतः हातशिलाईने नऊवारी शिवली. गेल्या दहा वर्षांत सगळ्यात जास्त मार त्याच बाहुलीने खाल्लाय आणि सगळ्यात जास्त पापेही तिलाच मिळालेत.

खेळणी महाग नाहीत आणि जादूचीही नाहीत. तुमच्या घरी कदाचित माझ्यापेक्षा जास्त असतील. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर खेळण्यांत सापडणार नाही. समोर बसलेलं मोठं माणूस त्या पाऊण तासात काय करतं आणि काय करत नाही, त्यात ते आहे.

समजा तुमच्या मुलाने आत गेल्यावर बाळ-बाहुली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. तुम्ही तिथे असता तर "अरे अरे, बाळाला असं करतात का?" हे तोंडून गेलंच असतं. माझ्याही गेलं असतं, माझं मूल असतं तर. थेरपिस्ट म्हणते, "बाळ डब्यात गेलं." तो झाकण लावतो. "झाकणही लागलं." तो बघतो, ही रागावत नाही. पुढच्या शनिवारी बाळ पुन्हा डब्यात. तिसऱ्या शनिवारी तो डबा उघडून बघतो, परत लावतो. कधीतरी बाळ बाहेर येतं, कधी त्याला इंजेक्शन दिलं जातं, कधी तो स्वतःच बाळ होऊन दुधाची बाटली मागतो. खरी बहीण घरी सुखरूप असते. जे मनात आणलं तरी आपण वाईट ठरू असं त्याला वाटत होतं, ते त्याने कोणाला न दुखावता करून पाहिलेलं असतं. आणि हे सगळं तुम्ही विचारल्यावर तो काय सांगणार? "खेळलो." खरंच सांगतोय तो.

सहा वर्षांच्या मुलाला "तुला बहिणीचा मत्सर वाटतो का?" असं विचारलं तर तो "नाही" म्हणेल किंवा लाईट लावत-बंद करत बसेल. त्याच्याकडे त्या भावनेचा शब्द नसतो. मोठ्यांच्या समुपदेशनात जे बोलण्यातून होतं, ते साधारण तीन ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांत खेळातून होतं. ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठी दवाखाना काढला आणि तिथे वाळूचा ट्रे व छोट्या वस्तू ठेवल्या. मुलं त्यात आपापली "जगं" मांडू लागली. अमेरिकेत १९४०च्या दशकात व्हर्जिनिया ॲक्सलिन यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर आधारलेली पद्धत मांडली, ज्यात दिशा मूल ठरवतं आणि थेरपिस्ट मागून जाते. तुमच्या थेरपिस्ट बहुधा याच पद्धतीच्या असाव्यात. दुसऱ्या प्रकारात थेरपिस्ट खेळ ठरवून देते: भीतीची शिडी (छोट्या भीतीपासून मोठीकडे पायरी-पायरीने जाणं), रागाचं चित्र, बाहुल्यांचं नाटक. एखादी ठरावीक भीती असेल, पुढच्या महिन्यात ऑपरेशन असेल, तर मी दुसऱ्याकडे झुकते. तुमच्या मुलासारख्या प्रकरणात पहिल्याकडे. भेटीत त्यांना विचारा, कोणती पद्धत आणि का. हे त्यांना सोप्या मराठीत सांगता यायला हवं.

आत काहीही चालतं असं मात्र समजू नका. मला मारायचं नाही, स्वतःला लागेल असं करायचं नाही, खिडकीची काच फोडायची नाही. मर्यादा सांगायची आमची एक रीत आहे, ती घरीही कामाला येते. आधी भावना, मग मर्यादा, मग दुसरी वाट. "तुला माझा खूप राग आलाय. मला मारायचं नाही. त्या लोडाला मार." याच क्रमाने, एवढ्याच शब्दांत. भाषण जोडलं की परिणाम गेला.

आता अर्थ लावण्याचं. एक मुलगी, तपशील बदलून सांगते, दर वेळी कुकर लावायची. शिट्ट्या स्वतः तोंडाने काढायची. तिसरी शिट्टी झाली की सगळ्या बाहुल्या भराभर पलंगाखाली. पाच-सहा आठवडे तेच. मी काही विचारलं नाही. "तिसरी शिट्टी झाली, सगळे लपले," एवढंच. पुढे आईशी बोलताना सहज निघालं की संध्याकाळी वरण-भाताचा कुकर होतो त्याच सुमारास बाबा घरी येतात आणि भांडण पेटतं. मी दुसऱ्याच आठवड्यात "तुला बाबांची भीती वाटते का गं?" विचारलं असतं तर कुकर तिथेच बंद झाला असता, कायमचा. काम पुढे आईवडिलांबरोबर झालं. तिच्याशी त्या विषयावर एक वाक्यही बोलावं लागलं नाही. साताठ आठवड्यांनी तिने पाचवी शिट्टी काढली आणि बाहुल्या जेवायला बसवल्या.

पण याच्या उलटही खूप होतं, आणि ते सांगायला हवं. एका मुलाचं सगळं काळं चित्र घेऊन घाबरलेले वडील आले होते. मी मुलाला विचारलं, काळाच रंग का रे? "बाकीच्या खडूंची टोकं मोडलीत." म्हणून घरी गुप्तहेर होऊ नका. वाघ म्हणजे मी का, साप म्हणजे आजी का, असं चालू झालं की मूल खेळताना आपल्याकडे बघायला लागतं. आम्ही एका चित्रावर किंवा एका खेळावर निष्कर्ष काढत नाही. जे आठवड्यामागून आठवडे परत येतं आणि हळूहळू बदलतं, त्याकडे लक्ष असतं.

थेरपिस्ट आतलं सांगत नाहीत, हे बरोबर की चूक? अर्धं बरोबर. बाळ डब्यात टाकलं हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. कारण त्या रात्री जेवताना तुम्ही ते काढाल. तुम्ही नाही काढलं तर आत्याबाई काढतील. पण "सध्या घरातली आपली जागा गेली का, हा विषय जोरात आहे, राग आहे, आणि अजून तो मला तपासतोय" इतपत तुम्हाला कळायलाच हवं. मी साधारण दर चार-पाच सेशननंतर आईवडिलांना वेगळं बोलावते. पहिली भेटही मुलाशिवाय घेते: बाळंतपण, आजार, घर बदललं का, घरात कोण कोण, शिक्षा कशी होते. आणि सुरुवातीलाच सांगते की मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर गुप्तता संपली. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तसा रास्त संशय आला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. तिथे आईवडिलांची परवानगी लागत नाही. (कोणालाही, कुठल्याही मुलाबद्दल काळजी वाटली तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मोफत आहे.) रेकॉर्डिंग होत असेल तर कशासाठी, कुठे ठेवतात, कोण बघतं, हे लेखी घ्या. मात्र तुम्ही ते बघायचा आग्रह धरू नका. डब्याचं उदाहरण आठवा.

घरी चिडचिड वाढली, याबद्दल. असं होतं, आणि बहुतेक वेळा याच टप्प्यावर होतं. दाबून ठेवलेलं सैल सुटायला लागतं, आणि एका खोलीत राग चालतो म्हटल्यावर दुसऱ्या खोलीत चालतो का हे मूल करून बघतं. दोन-चार आठवड्यांत ते ओसरायला हवं. ओसरत नसेल, किंवा तो बहिणीला खरंच इजा करत असेल, स्वतःला मारत असेल, झोप-जेवण गेलं असेल, तर "थेरपीत असंच असतं" या उत्तरावर समाधान मानू नका. शनिवारची वाट न बघता फोन करा. आणि हो, त्याला बहिणीजवळ एकटं ठेवू नका सध्या. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात तेवढा ताबा नसतो.

किती दिवस? नेमका आकडा देणाऱ्यांपासून लांब राहा. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ९३ अभ्यासांचे निकाल एकत्र करून तपासले होते. सरासरी फायदा चांगला दिसला, आणि साधारण ३५ ते ४० सेशनपर्यंत तो वाढत गेला. त्यातले पुष्कळ अभ्यास लहान होते, हेही लक्षात असू द्या. माझ्या अनुभवात बहीण-भाऊ, घर बदलणं, आजोबांचं जाणं अशा एका घटनेभोवतीचं काम बारा ते वीस सेशनमध्ये होतं. हिंसा किंवा अत्याचार पाहिलेल्या मुलांना कितीतरी जास्त लागतात. त्याच पाहणीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच होती: जिथे आईवडिलांना शिकवून त्यांच्याकडूनच खेळ करून घेतला, तिथे परिणाम जास्त आला. अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने १९६०च्या दशकात ही पद्धत आखली. माझं मत विचाराल तर आपल्याकडे जिथे तालुक्याच्या गावी थेरपिस्टच नाही, तिथे हीच पद्धत आधी पोचायला हवी.

ते घरी कसं करायचं, ते सांगते. थेरपिस्टना विचारून करा, पण करा.

आठवड्यातून एकदा, अर्धा तास, ठरलेला वार, ठरलेली जागा. बाळ आजीकडे. फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत. एक पुठ्ठ्याचा खोका: थोडी भातुकली, दोन-चार प्राणी, एक बाळ-बाहुली, एक दोरी, खडू-कागद, कणकेचा गोळा, गाडी. हा खोका एरवी माळ्यावर. सुरुवातीला म्हणायचं, "हा अर्धा तास तुझा. काय खेळायचं ते तू ठरव." आणि मग गप्प राहायचं जमवायचं. हे फार कठीण आहे. मी आयांना पहिल्यांदा करायला लावते तेव्हा दोन मिनिटांत "गायीचा रंग कोणता? गाय जांभळी असते का?" सुरू होतं. आपल्याला मुलाशी बोलायचं म्हणजे शिकवायचंच असं वाटतं.

प्रश्न नको, सूचना नको, आणि हे ऐकून बाया चकित होतात, पण शाबासकीही नको. "किती छान घर बांधलंस!" म्हटलं की पुढचं घर तो तुमच्यासाठी बांधतो. "खूप वेळ लावून बांधलंस. दार छोटं ठेवलंस," म्हटलं की त्याला कळतं, आई बघतेय. त्याने तुम्हाला बाळ व्हायला सांगितलं तर बाळ व्हा, पण कसं रडायचं ते त्यालाच विचारा. हळूच: "आता मी काय करू?" पाच मिनिटं उरली की सांगायचं. अर्धा तास झाला की खोका बंद, तो कितीही विनवू दे. आणि दिवस वाईट गेला, शाळेतून तक्रार आली, तरी हा अर्धा तास शिक्षा म्हणून रद्द करायचा नाही. शनिवारचं सेशनही नाही. "अभ्यास नाही केलास तर बाईंकडे नेणार नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा. "बाईंना नाव सांगेन तुझं" हेही.

सगळ्याला प्ले थेरपी हा उपाय नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलाला स्पीच थेरपी लागते. स्वमग्नतेची शंका असेल तर आधी विकासाचं मूल्यमापन. सरकारी जिल्हा रुग्णालयांत बऱ्याच ठिकाणी त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथे खर्च येत नाही. अक्षरं उलटी पडत असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी. ही मुलं खेळखोलीत रमतील, बाहेर हसत येतील आणि वर्ष वाया जाईल.

आणि थेरपिस्ट कोण आहे? आपल्या देशात "प्ले थेरपिस्ट" ही पाटी लावायला आज वेगळा सरकारी परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तपासता येते. प्ले थेरपीचं प्रशिक्षण त्याच्या वर वेगळं असतं, आणि त्यात दोन दिवसांच्या कार्यशाळेपासून कित्येक महिन्यांच्या देखरेखीखालच्या कामापर्यंत सगळं येतं. संकोच न करता विचारा: मूळ शिक्षण काय, प्रशिक्षण किती तासांचं, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं. चांगली थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. तीस सेशनचे पैसे आगाऊ मागणारी, "तीन महिन्यांत शंभर टक्के" म्हणणारी, खेळाच्या नावाखाली वर्कशीट भरून घेणारी असेल तर दुसरीकडे बघा.

बंद करायची वेळ कधी आली तर एकदम बंद करू नका, अगदी पैशांमुळे असलं तरी. आधीच एक माणूस आपल्यापासून अर्धं दुसरीकडे गेलंय असं ज्याला वाटतं, त्याच्या आयुष्यातून आणखी एक बाई न सांगता गायब होऊ नये. तीन-चार सेशन आधी त्याला सांगायचं, कॅलेंडरवर खुणा करायच्या. बाराशे जड जात असतील तर तेही सरळ बोला. पंधरवड्याला एक सेशन आणि मधल्या आठवड्यात घरचा अर्धा तास, असं मी अनेकांसाठी केलंय.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एक काम द्या: त्या अर्ध्या तासात बाळ त्यांनी सांभाळायचं, आणि दार वाजवायचं नाही. माझा अनुभव असा की महिनाभराने त्याच विचारतात, "आज तुमचं ते खेळायचं नाही का?"

येत्या शनिवारी त्याला जुने कपडे घाला, वाळू आणि रंग लागतात. आत जायच्या आधी शूला नेऊन आणा. बाहेर आल्यावर काय केलंस, बाई काय म्हणाल्या, मजा आली का, यातलं काही विचारू नका. पाणी द्या, चपला घाला आणि निघा. काही सांगायचं असेल तर तो रिक्षात बसल्यावर सांगेल, बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीबद्दल बोलता बोलता. तेव्हा फक्त "हं" म्हणा.